नवरा-नवरी बीचवर फोटोला, तोवर पाहुण्यांनी काय करायचं?

आम्ही म्हापशातून लग्नांत ड्रिंक्सचे काउंटर लावायचं काम करतो आणि आमच्याकडे येणारे बरेच जण पुण्या-मुंबईचे, गोव्यात लग्न करायला येणारे. पहिल्या फोनवर आम्ही एकच विचारतो, सूर्यास्ताच्या वेळी नवरा-नवरी कुठे असणार? कारण डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, फोटोग्राफर दोघांना पाचलाच बीचवर नेतो, येऊन कपडे बदलेपर्यंत सात वाजतात, आणि तोवर दोनशे माणसं लॉनवर उभी, मुलीकडचे एका कोपऱ्यात, मुलाकडचे दुसऱ्या, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात मोबाईल. कॉकटेल अवर तो हाच. ह्या तासात पाहुण्यांच्या हाताला काहीतरी काम द्या, मग गप्पा आपोआप सुरू होतात, हे आम्ही इतक्यांदा बघितलंय की आता ठामपणे सांगतो. काम म्हणजे माईकवरून नावं पुकारून गेम खेळवणं नव्हे हां, तसलं आम्ही करत नाही, लाजणारी माणसं पळून जातात.

आमचं सगळ्यात जास्त चालणारं काउंटर खलबत्त्याचं. टेबलावर चार दगडी खलबत्ते, भाजलेलं जिरं, काळं मीठ, सुकी मिरची, वाळलेला पुदिना. ज्याने त्याने आपला मसाला कुटायचा, ग्लासाची कड लिंबाने ओली करून त्यात फिरवायची, मग आमचा काउंटरवरचा मुलगा वरून कोकम आगळ आणि सोडा ओततो, हवी असेल त्याला फेणी नाहीतर जिन. मागच्या सीझनला एका लग्नात नवरीची आजी नुसती बघायला आली, आमच्या मुलाला म्हणाली अरे जिरं असं आपटायचं नसतं रे बाळा, रगडायचं, आणि बत्ता स्वतःच घेतला. अर्धा तास तिथेच. मुलाकडच्या तीन मावश्या आपापले ग्लास घेऊन तिच्यासमोर लायनीत उभ्या, आणि सोलकढीत लसूण घालायची की नाही ह्यावर जोरात चर्चा. तिघींपैकी एकीनेही दारू घेतली नव्हती. म्हणूनच आमचा आग्रह असतो की पिणारे आणि न पिणारे एकाच टेबलाशी, ग्लासही सारखाच. "ज्यूस तिकडे" असं म्हटलं की निम्मं घर बाजूला पडतं.

गोव्यात लग्न आहे तर फेणी हवीच, आणि ती नुसती ओतून देण्यापेक्षा दाखवून द्यावी. काजूची बोंडं चेचून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरवला की उर्राक, परत गाळली की फेणी. बाटली हलवली की वर बारीक बुडबुड्यांचा फेस येतो, जुनी माणसं त्या फेसावरून कडकपणा ओळखतात. बाटली आम्ही पाहुण्यांच्याच हातात देतो, बघा हलवून. काजू फेणीला 2009 मध्ये जीआय टॅग, म्हणजे ही खास इथलीच अशी सरकारी नोंद, मिळालाय हे ऐकून पुण्याचे काका लोक एकदम सीरियस होऊन वास घ्यायला लागतात! सांगायचं राहिलं, उर्राक फक्त काजूच्या सीझनला, साधारण मार्च ते मे, त्यामुळे डिसेंबरच्या लग्नाला ती मागू नका, मिळणार नाही. एप्रिलमध्ये लग्न असेल तर मात्र उर्राक, लिम्का, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची, ह्याच्यापुढे कुठलंही फॅन्सी कॉकटेल नको.

अजून एक सोपी गोष्ट, नवरीच्या आवडीचं एक ड्रिंक, नवऱ्याच्या आवडीचं एक, पुढे दोन काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकाला एक चिंचोका. आवडलं त्या बरणीत टाकायचा. मुलं तर बरणीपाशीच पहारा देत बसतात.

आता हिशोब. एक ग्लास शेक करून द्यायला दोन मिनिटं धरली तर एका बारटेंडरचे तासाला तीसच ग्लास होतात. दोनशे माणसांना सगळं समोर बनवून द्यायचं तर सहा-सात बारटेंडर लागतील. सुरुवातीला आम्ही हा हिशोब न करता एका कार्यक्रमात दोघांवर भागवलं होतं, लोक पाऊण तास रांगेत, अजून वाईट वाटतं. आता पेयाचा बेस सकाळीच बनवून गार करतो, पाहुण्यांसमोर फक्त मसाला, सोडा आणि सजावट, म्हणजे ग्लास अर्ध्या मिनिटात हातात. उघड्यावर कार्यक्रम असेल तर बर्फ माणशी किलोभर धरतो, आणि तो खाण्याचाच, कारखान्यातली मोठी लादी ग्लासात कधीच नाही. आणि स्टार्टर पेयांच्या आधी बाहेर यायला हवेत, हे केटररला तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत.

परवान्याचं आधीच बघू. गोव्यात दारूसाठी वय 18, महाराष्ट्रात बियर-वाईनला 21 आणि हार्डला 25, आणि वय लहान वाटलं तर आम्ही ओळखपत्र मागतो, मग तो नवऱ्याचा सख्खा भाऊ का असेना. जागेकडे स्वतःचं लायसन्स नसेल तर एक्साईजचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. उरलेल्या फेणीच्या बाटल्या परमिटशिवाय गाडीत टाकून पुण्याला नेऊ नका, बॉर्डरवर चेकिंग असतं.

बुकिंग करताना तारीख, अंदाजे माणसं, त्यातली न पिणारी किती आणि फोटोंची वेळ एवढं कळवा. टेस्टिंगला आलात तर आजीला नक्की घेऊन या, मसाल्याचं प्रमाण आम्ही त्यांच्याकडून ठरवून घेऊ.