'न्यूज' म्हणजे चार दिशा नव्हेत

शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला ऐकलेलं आणि आता दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येणारं एक 'ज्ञान': नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून 'न्यूज' हा शब्द झाला, कारण बातमी चारी दिशांनी येते. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

हा शब्द सरळ 'न्यू'चं, म्हणजे 'नवीन'चं अनेकवचन आहे: नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये बातम्यांना 'नूव्हेल' म्हणतात, तेही 'नवीन'वरूनच. आपणही भेटल्यावर 'काय नवीन?' असंच विचारतो की! आणि हा नुसता योगायोग नाही. संस्कृत 'नव', लॅटिन 'नोवुस' आणि इंग्रजी 'न्यू' ही एकाच मुळाची भावंडं आहेत.

जुन्या इंग्रजी छापील मजकुरात हे स्पेलिंग पुष्कळदा एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं दिसतं. मग त्यात पूर्व दिशा दोनदा आली म्हणायची का? मला तर एवढा एक पुरावाच पुरेसा वाटतो.

मुळात आद्याक्षरांपासून शब्द घडवायची पद्धत रुळली विसाव्या शतकात. 'रडार' खरोखरच तसा झालाय, तो 1940 च्या सुमाराचा. 'न्यूज' त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून वापरात होता. मुलांना चार दिशांची गोष्ट सांगितली, की 'नव'शी असलेलं हे नातं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.