पेशीच्या आतला पीएच मोजायचाय? डाय मागवण्याआधी हे वाचा

"पीएचसाठी चांगला डाय कुठला?" (डाय म्हणजे पीएचनुसार चमक बदलणारा रंग) असं सगळेच विचारतात आणि आम्ही आधी एवढंच विचारतो की पेशीत नेमकं कुठे मोजायचंय? कारण सायटोसॉलचा (पेशीतल्या द्रवाचा) पीएच साधारण 7.2, लायसोसोमचा (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांचा) 4.5 ते 5, आणि डाय आपल्या पीकेएच्या (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात त्याच्या) एक युनिट खाली-वर एवढ्यातच नीट चालतो, त्याच्या बाहेर गेलात की पीएच बदलला तरी सिग्नल फारसा हलत नाही.

सायटोसॉलसाठी बीसीईसीएफ घ्या. पीकेए 7 च्या आसपास, 1982 पासून वापरात आहे आणि अजूनही आमचा पहिला सल्ला हाच. आळीपाळीने 490 आणि 440 नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा, डायची चमक 535 ला वाचायची आणि दोन्हींचा रेशो काढायचा, म्हणजे एका पेशीत डाय जास्त गेला, दुसरीत कमी, तरी रेशोत ते बरंचसं निघून जातं. 488 चा एकच लेझर असेल तर स्नार्फ-1 बघा, तो 580 आणि 640 अशा दोन ठिकाणी वाचतात. लायसोसोमला मात्र यातलं काही चालत नाही, तिथे ओरेगॉन ग्रीनसारखा 4.7 पीकेएवाला, डेक्स्ट्रानला (साखरेच्या मोठ्या रेणूला) जोडलेला डाय पेशींना गिळायला द्यावा लागतो.

एएम डाय (म्हणजे एस्टर जोडलेला, उदा. बीसीईसीएफ-एएम) पडद्यातून आत शिरतो, आतली एस्टरेज एन्झाइम्स तो एस्टर तोडतात आणि मग तो चार्ज असल्यामुळे आतच अडकतो. सीरममध्येही एस्टरेज असतात, म्हणून लोडिंग (पेशींत डाय भरणं) सीरमशिवाय करा. फ्रीझरमधून काढलेली व्हायल रूम टेंपरेचरला आल्याशिवाय उघडू नका, आत ओल धरली की डाय बाहेरच तुटतो आणि पेशी अंधारात राहतात.

टिशूमध्ये काम अवघड आहे हे स्पष्ट सांगतो. डाय वरच्या थरांतच जास्त जातो, प्रकाश विखुरतो, टिशूची स्वतःची चमक मधे येते, आणि 440 व 490 चा प्रकाश सारखा आत पोचत नसल्याने खोलीनुसार रेशोही सरकतो.

कॅलिब्रेशन (कुठला रेशो म्हणजे किती पीएच हे ठरवणं) प्लीज टाळू नका, आणि दुसऱ्या लॅबचा कॅलिब्रेशन कर्व्ह तर वापरूच नका, डाय पेशीत गेला की बफरमधल्यासारखा वागत नाही. जास्त पोटॅशियमच्या बफरमध्ये नायजेरिसिन (पेशीच्या आतला पीएच बाहेरच्या बफरइतका करणारं रसायन) घालून माहितीतले तीन-चार पीएच द्या, तुमच्याच पेशींवर, तुमच्याच फिल्टरने. नायजेरिसिन विषारी आहे, ग्लोव्हज घाला, आणि ते नळ्यांना चिकटून राहतं म्हणून कॅलिब्रेशनच्या नळ्या वेगळ्याच ठेवा, नाहीतर पुढच्या प्रयोगातल्या पेशींचा पीएच तेच बिघडवेल.