कडक साहेब आणि पिच्छा न सोडणारा साहेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर उभं राहा, कुणी ना कुणी म्हणतंच, "आमचा साहेब लई कडक बघ." खोदून विचारलं की कळतं, कडक-बिडक काही नाही, नुसता पिच्छा पुरवणारा आहे. मायक्रोमॅनेजर. चुका दोघंही काढतात, धास्ती दोघांचीही असते, म्हणून गल्लत होते.

मला फरक मशीन शॉपमध्ये कळला. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, नवीन बॅच लावली की पहिला पीस मोजून पास होतो, मगच बाकीचे सुटतात. पुढे ठरल्या अंतराने एखादा उचलून तपासायचा. माझे पहिले साहेब तसेच. ड्रॉइंगवर मापात ०.०२ मिमी फरकाची सूट असेल तर ०.०३ ला सरळ रिजेक्ट, वर चारचौघांत झाडायचे (ते मला आजही पटत नाही). पण जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर कसा पकडायचा, ते ऑपरेटरवर सोडलेलं. साहेब आठवडाभर रजेवर गेले तरी डिस्पॅच अडला नाही.

पुढे दुसरीकडे ऑफिसात लागलो. तिथले साहेब आवाजसुद्धा चढवत नसत. पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोटेशन जायचं होतं. सकाळी त्यांनी मेलमधलं 'काइंडली' काढून 'प्लीज' करायला लावलं, दुपारी परत 'काइंडली'. संध्याकाळी "राहू दे, मीच पाठवतो" म्हणाले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उशिराबद्दल नाव माझं. खानापूरच्या बसमध्ये बसलो की व्हॉट्सअ‍ॅप: "कुठवर आलं?" मी नव्हे, फाइल. ते रजेवर गेले की सगळं ठप्प, कारण सही त्यांचीच.

नवख्याला पावलोपावली विचारणं वेगळं, ते शिकवणं झालं. पाच वर्षं काम केलेल्याला तसं विचारलं की तो स्वतःहून काही करायचंच सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाण्याची, जी लक्षणं मांडली, त्यांत थकव्याबरोबर कामातून मन उडणं आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणंही आहे. दमलेला माणूस रविवारी झोपून उठतो. हे झोपेने जात नाही.

यातले बरेच साहेब मुळात घाबरलेले असतात. म्हणून ऑफिसातल्या साहेबांना मी रोज साडेदहाला, त्यांनी न विचारता, तीन ओळींचा मेल टाकू लागलो: काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. त्यांचे तोंडी बदलही त्यातच लिहायचो, म्हणजे पुढे माझ्या गळ्यात पडायला नकोत. महिन्याभरात विचारणा निम्म्यावर आली. 'काइंडली'चं मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.