ख्रिस्ती आल्टर्नेटिव्ह रॉक

आल्टर्नेटिव्ह रॉक या पर्यायी रॉकप्रवाहाचा नाद आणि ख्रिस्ती श्रद्धेतून आलेला आशय यांचा मेळ घालणारा गीतप्रकार. त्याचे मुख्य केंद्र अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया. काळ साधारणतः १९८० नंतरचा. चर्चमध्ये सर्वांनी मिळून म्हणायची उपासनागीते आणि नॅशव्हिल या अमेरिकन शहरातील संगीतव्यवसायाने घडविलेली सफाईदार ख्रिस्ती पॉप गीते या दोहोंपासून हा प्रकार वेगळा धरतात. हे वेगळेपण शब्दांत अधिक सापडते. नादाच्या बाबतीत हे गट आपल्या धर्मनिरपेक्ष समकालीनांहून फारसे निराळे नाहीत.

उगम : आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. मुक्तिफौजेच्या ‘जॉयस्ट्रिंग्ज’ या लंडनच्या गटाने १९६४ मध्ये बीट या तत्कालीन ब्रिटिश पॉप-रॉक शैलीत गीते ध्वनिमुद्रित केली. ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ने १९६८ मध्ये डेव्हिड ॲक्सलरॉडने रचलेला मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधीची गीतरचना) रॉकच्या साजात सादर केला. कॅलिफोर्नियातील हिप्पींमध्ये पसरलेल्या येशू चळवळीच्या काळात लॅरी नॉर्मनचा पहिला स्वतंत्र अल्बम आला (१९६९) आणि ख्रिस्ती रॉकचा जनक म्हणून त्याचेच नाव बहुधा घेतले जाते. तथापि ही सर्व पूर्वपीठिका होय. पर्यायी प्रवाह पंक (आक्रमक, साधा रॉक) आणि न्यू वेव्ह (त्यातूनच निघालेला, पॉपकडे झुकणारा रॉक) यांतून निघाला. या शैली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असल्याने त्याआधीच्या गीतांना हे नाव लावणे कालविपर्यासाचे ठरेल.

टेरी टेलरच्या नेतृत्वाखालील ‘डॅनियल एमॉस’ या गटाला आद्यत्व देण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. १९७६ मध्ये कंट्री रॉकने सुरुवात केलेला हा गट १९८१ मधील ‘आलार्मा!’ या अल्बममध्ये न्यू वेव्हकडे पूर्णतः वळला. मात्र येथे एक गुंता आहे. याच गटाचा ‘होरेंडस डिस्क’ हा अल्बम १९७० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रित होऊनही रखडला आणि अखेर १९८१ मध्येच बाहेर पडला. म्हणजे ध्वनिमुद्रण प्रमाण मानल्यास वळणाचा काळ दोनेक वर्षे मागे जातो, प्रकाशन मानल्यास १९८१ हेच वर्ष ठरते. ब्रिटिश बाजूने ‘आफ्टर द फायर’ (पहिला मोठ्या कंपनीचा अल्बम १९७९) आणि आयर्लंडचा ‘यूटू’ (‘ऑक्टोबर’, १९८१) यांचा दावा सांगितला जातो. पैकी पहिल्यात सिंथेसायझर पॉपचा अंश अधिक आहे, तर दुसरा गट ख्रिस्ती बाजारपेठेत कधी शिरलाच नाही. शैलीचा वर्ग म्हणून १९८१ ही खूण सोयीची, एवढेच म्हणता येते.

नाद : १९८० च्या दशकात स्वच्छ, किणकिणत्या गिटारी, कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) व रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) यांचा सढळ वापर आणि पुढे आणलेला बेस असा साज होता. ‘द क्वायर’ या गटाने त्यात लिरिकॉन या फुंकून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची भर घातली. यूटूच्या गिटारवादकाने रूढ केलेल्या डिलेचा (विलंबित प्रतिध्वनीचा) येथे विशेष उल्लेख करावा लागतो. त्यात प्रतिध्वनी पाऊण मात्रेने मागून येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि हा विलंब ३७५ मिलिसेकंदांचा होतो. वादक अर्ध्या मात्रेचे स्वर वाजवतो, प्रतिध्वनी नेमके त्यांच्या मधल्या फटींत पडतात आणि कानाला पाव मात्रेची अखंड ओळ ऐकू येते. पुढे उपासनागीतांच्या वाद्यमेळातही ही युक्ती इतकी पसरली, की आता तिच्यात पर्यायी असे काही उरलेले नाही.

१९९० च्या दशकात ग्रंज या रॉकशैलीचा खरखरीत विरूपित आवाज, सैल केलेली खालची तार आणि शांत कडव्यानंतर उसळणारे ध्रुवपद आले. ‘स्टारफ्लायर ५९’ने गिटारींचे थरावर थर रचून गायकाचा आवाज त्याखाली जवळजवळ दडपला, प्रवचन कानावर पडण्याची अपेक्षा असलेल्या श्रोत्यांना हा विचित्र प्रकार वाटणे साहजिक होते.

शब्द : बायबलमधील स्तोत्रसंहिता, ईयोब, उपदेशक आणि विलापगीत यांचा आधार शुभवर्तमानांइतकाच दिसतो. यूटूच्या ‘४०’ (१९८३) या गीतात ४० वे स्तोत्र आहे. ‘किती काळ’ हा त्यातील आर्त प्रश्न मात्र ६ व्या स्तोत्राशी जुळतो. ‘जार्स ऑफ क्ले’ हे गटाचे नाव २ करिंथ ४:७ मधील मातीच्या भांड्यांवरून घेतलेले. त्यांच्या ‘फ्लड’ (१९९५) मध्ये जलप्रलयाची प्रतिमा आहे, येशूचे नाव नाही. दर मिनिटाला येशूचे नाव किती वेळा येते यावर गीताची धार्मिकता मोजण्याचा ‘जेपीएम’ (जीझसेस पर मिनिट) हा विनोद या व्यवसायात प्रचलित आहे. गायक स्टीव्ह टेलरने १९८३ मध्ये चर्चमधील एकसाची वृत्तीचीच टर उडवली.

या गीतांतील कळीचा शब्द ‘यू’ होय. तो प्रेयसीला उद्देशून की देवाला, हे अनेकदा मोकळे ठेवलेले असते. विराण्या आणि मधुराभक्तीशी परिचित मराठी वाचकाला त्यात नवल वाटणार नाही; पण मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे क्रियापदाला ठरवावेच लागते आणि भाषांतरात गुपित फुटते.

हॉवर्ड व स्ट्रेक या अभ्यासकांनी (१९९९) धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड नीबूरच्या वर्गीकरणावरून ख्रिस्ती संगीताचे विभक्ततावादी, समावेशक व परिवर्तनवादी असे तीन वर्ग केले. आल्टर्नेटिव्ह गट तिसऱ्यात अधिक चपखल बसतात, कारण त्यांच्या लेखी गीत हे प्रचाराचे साधन नसून स्वतःच प्रयोजन असते.

प्रसार : १९८४ ते २०१२ पर्यंत इलिनॉयमध्ये भरणारा कॉर्नरस्टोन महोत्सव आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली टूथ अँड नेल ही ध्वनिमुद्रण कंपनी यांचा आधार महत्त्वाचा. ‘सिक्सपेन्स नन द रिचर’चे ‘किस मी’ १९९९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. ‘स्विचफूट’ला २००३ च्या अल्बमने असेच यश दिले.

भारतात ख्रिस्ती रॉकची परंपरा प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांत आहे. मराठी चर्चमध्ये नारायण वामन टिळकांच्या अभंग-भजनांचे वळण आणि भाषांतरित स्तोत्रे यांचाच पगडा राहिला.