मांजराच्या कानाची कड एकदा उजेडात बघा

सांगलीत हळद घरोघरी. मांजर खाजवायला लागलं की आधी हळद आणि खोबरेल लावलं जातं, आणि पंधरा दिवस असेच जातात. खाज बऱ्याचदा लुतीची असते, म्हणजे बारीक किड्यांमुळे होणाऱ्या कातडीच्या रोगाची. हळदीने हे किडे मरत नाहीत. उलट तेलाच्या थराखाली कातडी नीट दिसत नाही आणि डॉक्टरांना तपासणं अवघड होतं.

लूत बहुतेक वेळा कानाच्या कडेपासून सुरू होते. केस विरळ होतात, कडेवर करडी-पिवळट खपली धरते, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. पुढे कपाळ, पापण्या, मान. मांजर पंजाने तोंड पुसतं, त्यामुळे पुढच्या पायांवरही येते. कातडी जाड होऊन सुरकुतते. खाज इतकी, की जीव रक्त येईपर्यंत ओरबाडत राहतो. हा किडा कातडीत बीळ करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही.

कानाच्या आत कॉफीच्या भुकटीसारखा काळपट मळ आणि सारखं डोकं झटकणं, हे कानातल्या वेगळ्या किड्याचं लक्षण. काडी आत घालून कोरू नका. बाहेर आलेला मळ काळ्या कागदावर पसरून उन्हात धरा, बारीक पांढरे ठिपके हलताना दिसू शकतात.

खाजवणारं प्रत्येक मांजर लुतीचंच नसतं. केसांतले काळे दाणे ओल्या कापसावर लालसर उतरले तर पिसवा आहेत. गोल टक्कल पडलं तर बुरशी असू शकते. खात्री कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या अनेकांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याने मांजराला थरकाप सुटतो, झटके येतात, जीवही जातो. रॉकेल, फिनेल, कापूरतेलही नको, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटतं. मांजरासाठी म्हणून ही औषधं मागितलीत, तर आमच्या दुकानातून आम्ही देणार नाही.

डॉक्टर वजन बघून औषध ठरवतात, बहुधा मानेवर सोडायचे थेंब. घरात चार मांजरं असतील तर चौघांनाही द्यावं लागतं. अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. तुमच्या हातावर खाजरं पुरळ उठलं तर घाबरू नका. हे किडे माणसावर फार दिवस टिकत नाहीत, तरी स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा.

वजन आम्ही मोफत करून चिठ्ठीवर लिहून देतो. फक्त लुतीचं मांजर दुकानात आत आणू नका, इतरांना लागेल. पायरीवरून हाक मारा, काटा आम्ही बाहेर आणतो.