लिस्टमध्ये शोधू नका, सेटला विचारा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागलं की लिस्ट, म्हणजे मूल्यांची क्रमवार यादी, पहिल्या काही धड्यांतच येते. ती इतकी सोयीची, की पुढे जे जे साठवायचं ते सगळं तिच्यातच जातं. उत्तरंही बरोबर येतात. पण माहिती वाढली की तोच प्रोग्राम रखडतो आणि दोष लॅपटॉपला दिला जातो.

समजा, दहा लाख ओळख क्रमांकांची एक लिस्ट आहे आणि दुसरे तेवढेच क्रमांक त्यात आहेत का, हे तपासायचंय. लिस्टमध्ये शोधायचं म्हणजे पहिल्या घटकापासून एकेक ताडत जायचं. क्रमांक सापडायला सरासरी पाच लाख तुलना, आणि हे दहा लाख वेळा: एकूण पन्नास हजार कोटी! काम काही तास चालतं. लिस्टचा आधी सेट (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणारा संच) करून घेतला, त्याला फक्त एक ओळ लागते, तर हेच काम साधारण सेकंदाभरात उरकतं.

हा फरक हॅशिंगमुळे पडतो. पायथन प्रत्येक मूल्यावरून एक संख्या, म्हणजे हॅश, काढतो आणि त्या संख्येवरून मेमरीतला खण ठरवतो. शोधताना तीच संख्या पुन्हा काढायची नि थेट त्या खणात बघायचं. दोन मूल्यांच्या वाट्याला एकच खण आला तर ठरलेल्या रीतीने दुसरा खण पाहिला जातो. अशा टकरी कमी व्हाव्यात म्हणून बरेच खण मुद्दाम रिकामे ठेवलेले असतात, त्यामुळे सेटला मेमरी जास्त लागते. ही कल्पना जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ती १९५३ साली मांडली होती.

डिक्शनरी, म्हणजे ‘की’ (खुणेचं मूल्य) आणि तिच्यासमोरची माहिती अशा जोड्या साठवणारी रचना, हीही हॅशिंगवरच उभी आहे. म्हणून लिस्ट तिची ‘की’ होऊ शकत नाही. लिस्टमधला घटक बदलला तर हॅश बदलेल, नोंद मात्र जुन्याच खणात राहील आणि पुन्हा सापडणार नाही. टपल, म्हणजे एकदा केल्यावर न बदलणारी यादी, बदलत नाही, त्यामुळे आतले घटकही न बदलणारे असतील तर टपल चालतो. ‘अनहॅशेबल टाइप: लिस्ट’ ही एरर शिक्षकांनी घाईत ओलांडू नये, सगळं हॅशिंग तिच्यातून समजावता येतं.

सेट क्रम राखत नाही. डिक्शनरी मात्र २०१८च्या पायथन ३.७पासून नोंदींचा क्रम हमखास राखते.

जागेच्या क्रमांकावरून घटक उचलायला आणि शेवटी भर घालायला लिस्टच उत्तम. सुरुवातीला घटक घालायचा किंवा काढायचा असेल, तर तिला बाकीचे सगळे सरकवावे लागतात. अशा रांगेसाठी पायथनमधला डेक (दोन्ही टोकांनी उघडी रांग) वापरावा, तो दोन्ही टोकांना सारखाच चपळ असतो.