संगणकाची ‘लेव्हल’ आणि बुद्धिबळाचा सराव : पार्श्वभूमी

मूल बुद्धिबळाच्या क्लासला यायला लागले की महिन्याभरात पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. “सर, मोबाइलवर लेव्हल पाचला हरवतो हा. म्हणजे रेटिंग साधारण किती धरायचे?” रेटिंग म्हणजे स्पर्धांतल्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीला मिळणारा आकडा. प्रश्न रास्त आहे, पण एका आकड्यात त्याचे उत्तर देता येत नाही. ‘लेव्हल’ हा शब्द गेल्या 45-50 वर्षांत निदान तीन वेगळ्या अर्थांनी वापरला गेला आणि आज ते तिन्ही अर्थ एकाच बटणामागे बसले आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. 1770 च्या सुमारास व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे जे ‘यंत्र’ दाखवले गेले, त्याच्या पेटीत माणूस लपलेला असे. खरोखर स्वतः खेळणारे यंत्र एका स्पॅनिश अभियंत्याने 1912 मध्ये केले. राजा आणि हत्ती घेऊन ते समोरच्या एकट्या राजावर मात करी, त्यापलीकडे त्याला काही येत नसे. 1967 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला प्रोग्रॅम पहिल्यांदा माणसांच्या स्पर्धेत उतरला. हे सगळे महत्त्वाचे आहे, पण सरावाशी त्याचा संबंध कमी. तेव्हाचे संगणक प्रयोगशाळांमध्ये असत, आणि शिकणाऱ्या मुलाला त्यांच्यासमोर बसायला मिळणे शक्यच नव्हते.

सराव सुरू झाला तो 1977 पासून. त्या वर्षी अमेरिकेत ‘चेस चॅलेंजर’ नावाचा घरगुती बुद्धिबळ-संगणक दुकानात आला. आपली चाल बटणे दाबून सांगायची, यंत्राची चाल छोट्या पडद्यावर उमटायची आणि मोहरे आपणच हलवायचे. पहिल्या यंत्राला खेळायची एकच पद्धत माहीत होती. नंतरच्या मॉडेलांत तीन, मग दहा लेव्हल आल्या आणि हा शब्द सरावाच्या भाषेत शिरला.

त्या काळच्या लेव्हलचा अर्थ सरळ होता : विचाराला दिलेला वेळ. खालच्या लेव्हलला यंत्र काही सेकंदांत चाल देई, वरच्या लेव्हलला काही मिनिटे घेई, आणि काही यंत्रांत तर पोस्टाने खेळणाऱ्यांसाठी वेगळी सोय होती. प्रोग्रॅम तोच, मोहऱ्यांची किंमत तीच, फक्त नजर कमी लांब जाई. त्यामुळे त्याच्या चुकांनाही एक शिस्त होती. चार चाली पुढचे पाहणाऱ्या प्रोग्रॅमला आपला उंट जाणार असे दिसले की तो मध्येच एखादे प्यादे फेकी किंवा विनाकारण शह देई. तेवढ्याने नुकसान त्याच्या नजरेपलीकडे ढकलले जाई आणि उंट वाचला असा त्याचा समज होई. मग उंट जाईच, शिवाय प्यादेही गेलेले असे. समोरच्या मुलाने एक चाल जास्त लांब पाहिली की तो जिंकत असे, आणि ही एक जास्तीची चाल पाहण्याची सवय माणसांविरुद्धही कामाला येई. म्हणून त्या साध्या यंत्रांबद्दल मला आजही आदर वाटतो.

त्यांचा तोटाही तिथेच होता. प्यादी एकमेकांत अडकवून पट बंद करायचा, यंत्राला मागेपुढे घोडे नाचवू द्यायचे आणि सावकाश राजावर फौज जमवायची, ही युक्ती लवकरच सगळ्यांना कळली. यंत्र तिच्यापुढे हतबल होई. माणूस मात्र तुम्हाला पट बंद करू देत नाही.

आपल्याकडे ही यंत्रे परदेशातून कोणी आणली तरच दिसत. ऐंशीच्या दशकातले बहुतेक मराठी खेळाडू घडले ते माणसांसमोर बसूनच : सांगलीच्या उन्हाळी स्पर्धांत, मंडळांच्या हॉलमध्ये, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या जलद डावांत.

1977 चीच आणखी एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण संगणकासमोरच्या सरावाचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. राजा-वजीर विरुद्ध राजा-हत्ती हा शेवट वजीरवाल्याने सहज जिंकावा, अशी तेव्हा समजूत होती. एका अमेरिकन संशोधकाने या चार मोहऱ्यांच्या सगळ्या शक्य स्थिती, राजावर मात झालेल्या स्थितीपासून उलट मोजत, संगणकात भरल्या. म्हणजे हत्ती घेऊन बचाव करणारा संगणक प्रत्येक वेळी सर्वांत लांबणारीच चाल खेळणार होता. अमेरिकेचा अनेकदा विजेता ठरलेला एक ग्रँडमास्टर 100 डॉलरच्या पैजेवर त्याच्यासमोर बसला. दिलेली स्थिती 31 चालींत जिंकता येणारी होती आणि नियमाने हातात 50 चाली होत्या; तेवढ्यात हत्ती मारला नाही तर डाव बरोबरीत. पुस्तके सांगत की बचाव करणाऱ्याने हत्ती राजाला चिकटून ठेवावा. संगणक मात्र हत्ती खुशाल दूर नेई, आणि तो टिपायला गेले की हाताशी काही लागत नसे. 50 चाली संपल्या, विजय मिळाला नाही.

हा गृहस्थ घरी गेला, दोन-अडीच आठवडे याच शेवटाचा अभ्यास केला आणि दुसऱ्या स्थितीतून पुन्हा खेळला. या वेळी त्याने हत्ती मारला तो नेमक्या पन्नासाव्या चालीला. या सरावात लेव्हल नव्हतीच. स्थिती ठरलेली, निकाल माहीत, समोरचा कणभरही चुकणार नाही याची खात्री. सिद्ध करायचे ते आपणच.

यानंतर थेट नव्वदच्या दशकावर येतो. हा काळ मी स्वतः पाहिला आहे. घरोघरी पीसी येऊ लागले आणि ‘चेसमास्टर’, ‘फ्रिट्झ’ यांच्या सीडी हातोहात फिरू लागल्या. फ्रिट्झ 1991 मध्ये आला आणि काही वर्षांतच तो साध्या पीसीवरही चांगल्या खेळाडूंना दाद देईनासा झाला. याच दशकात स्पर्धांमधून डाव तहकूब करण्याची प्रथा हद्दपार झाली, कारण तहकूब डाव रात्री खोलीवर संगणकात घालून बघणे सोपे झाले होते. 1997 मध्ये न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. त्या सामन्यावर भरपूर लिहिले गेले आहे. सराव करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा परिणाम वेगळाच होता. तोवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न होता की हा जिंकेल कसा. आता प्रश्न आला की हा हरेल कसा. रोज सकाळ-संध्याकाळ हरवणारी सीडी कोण विकत घेणार?

याच दशकात लेव्हलचा दुसरा अर्थ रुळला : मुद्दाम केलेली चूक. फ्रिट्झमध्ये तुमच्या ताकदीनुसार स्वतःला कमी-जास्त करणारा मित्राचा मोड आला, आणि तुम्हाला डावपेचाची संधी मिळावी म्हणून मुद्दाम फट ठेवणारा सरावाचा मोडही. चेसमास्टरने तर कल्पित खेळाडू उभे केले : कोणी आक्रमक, कोणी वजिरावर जीव असणारा, कोणी नवशिका मुलगा. 1999 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज दोन-तीन तास मित्राच्या मोडशी खेळलो आणि जवळजवळ रोज जिंकलो. जूनमधल्या पहिल्याच स्पर्धेत समोर एक निवृत्त पोस्टमन काका होते. त्यांनी घोडे-उंट बाहेर काढले, किल्लेकोट केला आणि मला काहीही देऊ केले नाही. विसाव्या चालीपर्यंत मी फट कुठे आहे तेच शोधत होतो. त्या काळात वाढलेल्या पुष्कळ मुलांची हीच गत झाली.

आजचा गुंता या दुसऱ्या अर्थातूनच आला आहे, म्हणून तो नीट उलगडून पाहायला हवा. आज फुकट मिळणाऱ्या बहुतेक ॲपमागे ‘स्टॉकफिश’ नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याच्या ताकदीला 0 ते 20 अशी पट्टी आहे. पट्टी खाली आणली की प्रोग्रॅम फार खोल न जाता काही चांगल्या चाली काढतो आणि त्यांतली थोडी हिणकस चाल काहीशी नशिबावर सोडून निवडतो. याचा परिणाम पटावर विचित्र दिसतो. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने मोबाइलवर जिंकलेला डाव मला दाखवला. काळ्याच्या, म्हणजे यंत्राच्या, पहिल्या 17 चालींत नाव ठेवायला जागा नव्हती. अठराव्या चालीला त्याने वजीर प्याद्याच्या तोंडी दिला. कोणता दबाव नव्हता, घड्याळ अंगावर आले नव्हते, कसला बेतही दिसत नव्हता. मुलाने वजीर घेतला आणि डाव जिंकला. लेव्हल पाच पार.

माणूस असा चुकत नाही. तो चुकतो कारण त्याला मागे जाणाऱ्या घोड्याची चाल दिसत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष आपल्या हल्ल्यात असते, कारण घड्याळात दोन मिनिटे उरलेली असतात. त्याच्या चुकीला आधीच्या पाच चालींचा इतिहास असतो, आणि ती चूक घडेल अशी स्थिती निर्माण करणे हेच खेळाडूचे कौशल्य. नशिबाने टाकलेल्या वजिरासमोर बसून हे शिकता येत नाही. तिथे मूल शिकते ते फक्त तग धरून वाट बघणे.

तिसरा अर्थ आकड्याचा. ‘लेव्हल 5’ऐवजी ‘1500 चा संगणक’ असे लिहिले की गोष्ट शास्त्रीय वाटते. स्टॉकफिशच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही पट्टी 1320 ते 3190 अशी आहे. पण हे आकडे बसवले आहेत ते संगणकांनी संगणकांशी, ठरावीक वेळेच्या घड्याळावर खेळलेल्या डावांवरून. रेटिंग हे नेहमी कोणत्या तरी गटातले असते. एकाच तालमीतल्या मल्लांचा आपसातला क्रम दुसऱ्या तालमीत जसाच्या तसा लागू होत नाही, तसेच हे. त्यात माणसांचा गटही जागचा हलला. 1 मार्च 2024 रोजी आंतरराष्ट्रीय यादीत 2000 च्या खालच्या सगळ्यांचे रेटिंग एकरकमी वाढवले गेले : 2000 ला जितके कमी, त्याच्या 40 टक्के. 1500 चा खेळाडू एका रात्रीत 1700 चा झाला आणि 1000 चा 1400 चा. मोबाइलमधला ‘1500’ मात्र होता तिथेच राहिला. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर प्रशिक्षकांत अजून दोन तट आहेत. माझ्या मते तो आवश्यक होता, कारण खालच्या रेटिंगचे आकडे फारच घसरले होते. पण पालकांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने आणखी अवघड केले, हेही खरे.

शिवाय काही ॲपमध्ये लेव्हल अजूनही पहिल्या अर्थाने, म्हणजे वेळेने, ठरते. तिथे बाबांच्या नव्या फोनवरची लेव्हल पाच ही आजोबांच्या जुन्या फोनवरच्या लेव्हल पाचपेक्षा जास्त कठीण असते, कारण तेवढ्याच वेळात नवा फोन जास्त खोल पाहतो.

2017 च्या डिसेंबरमध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या ‘अल्फाझिरो’ या प्रोग्रॅमने स्टॉकफिशविरुद्धच्या 100 डावांपैकी 28 जिंकले आणि बाकीचे 72 बरोबरीत सोडवले. स्टॉकफिशची जुनी आवृत्ती का, चालीला ठरावीक एक मिनिट का, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले आणि ते गैर नव्हते. तरी पुढच्या एक-दोन वर्षांत ग्रँडमास्टरांच्या डावांत राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे पुढे दामटण्याची लाट आली. ती या डावांच्या अभ्यासातूनच. 2020 मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी रचना, आत घेतले. पण हा सगळा वरच्या मजल्यावरचा व्यवहार. शिकणाऱ्या मुलासाठी त्याच वर्षीची दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती.

ती म्हणजे ‘माया’. या प्रोग्रॅमला सर्वोत्तम चाल शोधायला शिकवलेले नाही. 1100 ते 1900 अशा नऊ पातळ्यांच्या माणसांचे लाखो डाव देऊन, या पातळीचा माणूस इथे काय खेळेल एवढेच त्याला शिकवले. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा त्याचा अंदाज बरोबर येतो. तो पुढच्या चालींचा शोध घेतच नाही. चुकतो तेव्हा माणसासारखा चुकतो : दिसायला साजरी, पण एका शहाने उलटणारी चाल खेळतो. मुलांना त्याच्याशी खेळवले की डावानंतर बोलायला काहीतरी मिळते, हा माझा अनुभव आहे. आकड्याचा घोळ मात्र इथेही सुटत नाही. 1100 च्या डावांवर शिकलेला ‘माया’ 1100 पेक्षा बराच जोरात खेळतो. हजारो माणसांची सर्वाधिक संभवणारी चाल निवडताना प्रत्येकाच्या वैयक्तिक घोडचुका गाळल्या जातात आणि उरतो तो त्या सगळ्यांपेक्षा शहाणा खेळाडू.

दुसऱ्या टोकाचाही दाखला आहे. 2024 मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या चेन्नईच्या खेळाडूला ग्रँडमास्टरच्या पातळीला पोहोचेपर्यंत इंजिनपासून, म्हणजे अशा बुद्धिबळ-प्रोग्रॅमपासून, दूर ठेवले होते, असे त्याच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाने जाहीरपणे सांगितले आहे. यावरून मोबाइल काढून घेणारे पालक मी पाहिले आहेत. त्या मुलासमोर रोज तोडीचे प्रशिक्षक आणि खेळाडू बसत होते, एवढे त्यांनी लक्षात घ्यावे. तालुक्याच्या गावातल्या मुलीला संध्याकाळी समोर बसायला कोणी नसते.

1977 ला चार मोहऱ्यांपुरते जे जमले, ते 2012 मध्ये मॉस्कोच्या महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंत पूर्ण झाले. अशा सात मोहऱ्यांच्या स्थिती आता मोबाइलवरून फुकट तपासता येतात. माझ्या क्लासमध्ये सध्या नऊ वर्षांची एक मुलगी राजा-हत्ती-प्यादे विरुद्ध राजा-हत्ती हा शेवट पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशसमोर खेळते आहे. पहिल्या तीन वेळा बरोबरी झाली. चौथ्या वेळी तिने हत्ती चौथ्या ओळीत आणून पूल बांधला, शह अडवला आणि प्याद्याचा वजीर केला. आता तीच स्थिती तिला काळ्या बाजूने दिली आहे.